आई-बाबा, सासूबाई आणि मासाई मारा : ऑगस्टात न्यावं की नको?

किटली | १८ मे
मंडळी, नैरोबीत येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. ऑगस्टात माझे आई-बाबा (६९ आणि ७४) आणि सासूबाई (७१) तीन आठवड्यांसाठी येताहेत. तिघंही एकाच विमानाने. हे कुणी ठरवून केलेलं नाही, तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून झालंय. पण झालंय.

आता सफारीचं. नवऱ्याचं म्हणणं, ऑगस्टात येताहेत तर मासाई मारा अभयारण्यात नेऊन मारा नदीवरचं क्रॉसिंग, म्हणजे कळप नदी ओलांडतात ते, दाखवलंच पाहिजे. बारा-तेरा लाख विल्डेबीस्ट (मोठी आफ्रिकन हरणं), सोबत झेब्रे, सेरेंगेटीतून वर येतात, नदीत मगरी, वगैरे वगैरे. त्याने टीव्हीवर इतक्यांदा पाहिलंय की तोच गाइड होईल. मला वाटतं आंबोसेली अभयारण्य पुरे. दोन रात्री राहायचं, हत्ती बघायचे, दिसला तर मागे किलिमांजारो, की घरी.

अडचणी अशा. आईचा उजवा गुडघा बदललाय, डावा रांगेत आहे. बाबांना साखर आहे, दर तीन तासांनी खायला लागतं आणि दर तासाला 'जाऊन यायला' लागतं. सासूबाई ठणठणीत, पण चातुर्मास. कांदा, लसूण, वांगं बंद.

आणि पैसे. मारात परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर नुसती प्रवेश फी आहे (जानेवारी ते जून १००). आमच्याकडे इथलं ओळखपत्र असल्याने आम्हाला रहिवासी दर, त्यांना पुरा. तिघांचे दोन दिवसांचे १२०० डॉलर गेटवरच गेले. बाबांना हे कळलं तर ते गेटवरूनच मागे फिरतील.

वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलंय का? खरं खरं सांगा.

मुळशीचा_वाघ | १८ मे
ताडोब्यात सहा सफाऱ्या केल्या तेव्हा वाघाची शेपटी दिसली, तीही जिप्सीतल्या पुढच्या काकांना. तुमच्या शहराच्या हद्दीत सिंह राहतात आणि तुम्ही धागा काढताय. निषेध!

गव्हाची_खीर | १९ मे
आम्ही तीन वर्षं नैरोबीत होतो, आता पुण्यात. २०२३ च्या सप्टेंबरात सासू-सासऱ्यांना मारा दाखवला. तेव्हा सासरे ७६ चे होते. सविस्तर लिहिते.

रस्त्याने गेलात तर सहा तास धरा, नकाशा काहीही म्हणो. लिमुरूनंतर रस्ता रिफ्ट व्हॅलीत उतरतो, तो माई माहियूचा घाट. कंटेनरमागे कंटेनर, जुना खंबाटकी आठवेल. घाटात रस्त्याला लागूनच एक इवलंसं चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांकडून इंग्रजांनी हा रस्ता करून घेतला, त्यांनीच ते १९४२ साली बांधलं. बाबांना तिथे उतरवा, पाय मोकळे होतात. त्यानंतर नारोक. तिथे गरज असो-नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं, कारण बरी म्हणावी अशी ती शेवटची जागा. गेटच्या आत रस्ता संपतो आणि ड्रायव्हर हसत हसत 'आफ्रिकन मसाज' सुरू झाल्याचं जाहीर करतो.

गाडी लँड क्रूझरच घ्या, व्हॅन स्वस्त पडली तरी नको. पण तिची पायरी उंच असते. बदललेला गुडघा तेवढा वाकत नाही. आम्ही स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल बरोबर नेलं होतं. ड्रायव्हर आधी हसला, दुसऱ्या दिवसापासून न सांगता तोच ते काढून ठेवायला लागला.

कांदा-लसणाची काळजी सोडा. केनियात गुजराती आणि जैन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे मोठ्या लॉजच्या आचाऱ्याला 'जैन' म्हटलं की कळतं. बुकिंग करतानाच लिहून द्या म्हणजे झालं. आमच्या सासऱ्यांना मासाई वेटरने नम्रपणे विचारलं, 'बटाटाही नको का, बाबू?' ते 'बाबू' ऐकून सासरे घुश्शात. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेला माणूस! मग कळलं की स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा.

अडाणी_प्रवासी | १९ मे
बाबूचं काय घेऊन बसलात. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. आमचा ड्रायव्हर दोन दिवस बायकोला 'दादा, दादा' करत होता आणि मी 'अरे दादा मी आहे' म्हणून ओ देत होतो.

चिंगी | १९ मे
फुटले!! आणि पाटीवर 'चो' असा उच्चार असलेला शब्द दिसला की ते स्वच्छतागृह. किटली, बाबांना एवढा एक शब्द पाठ करून घ्या.

अडाणी_प्रवासी | १९ मे
त्याहून कामाचा शब्दप्रयोग टांझानियात शिकलो. माळावर गाडी थांबवायची असेल तर ड्रायव्हरला सांगायचं 'कुचिंबा दावा'. शब्दशः अर्थ औषध खणणे, म्हणजे मुळी काढायला झुडपामागे जातो. 'दावा' म्हणजे आपली दवाच. तसं बघितलं तर गाडीला गारी, साखरेला सुकारी, साबणाला साबुनी, विम्याला बिमा, लाखाला लाकी. आणि सफारी म्हणजे नुसता प्रवास, मूळ अरबी, आपल्या 'सफर'चं भावंड. मोंबासाला बस पकडणारी म्हातारीसुद्धा सफारीलाच निघालेली असते.

शंकासुर | २० मे
थोडं कडू लिहितो. क्रॉसिंग कुणाला बघायचंय? तुमच्या नवऱ्याला. मग आई-बाबांच्या नावावर ते कशाला खपवताय?

क्रॉसिंगला वेळापत्रक नसतं. हजारो जनावरं काठावर येतात, उभी राहतात, आणि एखादीने मान वळवली की सगळी परत. आम्ही साडेपाच तास थांबलो. खाली उतरायची परवानगी नाही, भोवती चाळीसेक गाड्या. शेवटी झालं तेव्हा धुळीत काही दिसेना आणि जे दिसलं ते बघवेना. आई डोळे मिटून बसली होती. ७४ वर्षांच्या मधुमेही माणसाला ही शिक्षा देऊ नका. आंबोसेलीला माझं मत.

गव्हाची_खीर | २० मे
@शंकासुर, क्रॉसिंगचं पटतं. पण मारा म्हणजे क्रॉसिंग नव्हे हो. नुसतं गवत बघा. नजर पोचेल तिथवर जनावरं, मध्ये एकच बाभळीसारखं झाड, त्याखाली सिंहाचं कुटुंब पसरलेलं. सिंह दिवसातले वीस तासही लोळतो, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांना सोयीचाच प्राणी. नदीकडे जाऊच नका, झालं.

जोबर्गकर | २० मे
जरा दक्षिणेकडे बघा की राव. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यात स्वतःची गाडी घेऊन जाता येतं, मुख्य रस्ते डांबरी, वेग ताशी ५० किलोमीटर. कॅम्पमध्ये दुकान, पेट्रोल, स्वच्छ 'चो'. आई-वडिलांना साध्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, मांडीवर डबा, एसी चालू. हत्तीने रस्ता अडवला की आपणच इंजिन बंद करून बसायचं. आणि मलेरियाची भीती असेल तर पिलानेसबर्ग अभयारण्य, जोहान्सबर्गपासून अडीच तास, तिथे मलेरिया नाही.

किटली | २० मे
@जोबर्गकर, आई-बाबा माझ्याकडे येताहेत. तुमच्याकडे पाठवू का तिघांना? :-)

जोबर्गकर | २० मे
पुरणपोळ्यांसह पाठवा.

डॉ_शेवगा | २१ मे
गमतीजमती चालू द्या, पण एक गोष्ट आजच करा. पिवळ्या तापाची लस. सरळ भारतातून येणाऱ्याला केनियात ती मागत नाहीत, त्यामुळे लोक गाफील राहतात. मागतो तो भारत, परत आल्यावर. पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग ते आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तारीख मिळायला वेळ लागतो.

दुसरी बाजू अशी की साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता थोडी वाढते. असतं ते क्वचितच, पण तिघांचेही कागद त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा. डॉक्टरांनी लेखी सूट दिली तरी परतल्यावर विलगीकरणाची शक्यता मनात धरून चाला.

नैरोबी साधारण १८०० मीटर उंचीवर आहे, तिथे डास कमी. मारा आणि आंबोसेलीला मात्र मलेरियाच्या गोळ्यांचं विचारा. बाबांची साखरेची औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. आणि केनियाची ऑनलाइन प्रवास-परवानगी (ईटीए, २०२४ पासून व्हिसाऐवजी) तिघांची वेगवेगळी काढा.

लोणच्याची_बरणी | २१ मे
आणि प्लास्टिक! केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत. आमच्या मातोश्री प्रत्येक लाडू वेगळ्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर रबरबँड अशा आल्या होत्या. सगळं स्टीलच्या डब्यांत भरायला सांगा. जड होतं म्हणून कुरकुरतील. ऐकू नका.

शिकागोचे_शिंदे | २२ मे
आम्ही सासऱ्यांची आफ्रिकन सफारी इथेच उरकली. १८९८ साली त्सावोच्या पुलावर रेल्वेचे मजूर खाणारे ते दोन सिंह इथल्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेत. आयाळ नाही, त्यामुळे सासरे म्हणाले, 'ह्या सिंहिणी आहेत, तुम्हाला फसवलंय.'

अडाणी_प्रवासी | २२ मे
ते मजूर आपल्याकडचेच होते. मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर असा रूळ टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार माणसं नेली, बहुतेक पंजाब-गुजरातची. आज नैरोबीला जायची नवी रेल्वे त्सावोतूनच जाते. खिडकीतून हत्ती दिसतात, लाल मातीत लोळून विटेच्या रंगाचे झालेले. किटली, गुडघ्यांसाठी हाही पर्याय आहे. रेल्वेत 'चो' असतो.

मुळशीचा_वाघ | २२ मे
ह्या धाग्यात बिग फाइव्हपेक्षा (सिंह, हत्ती वगैरे सफारीचे पाच मानकरी) चो जास्त वेळा दिसला.

आजोबा_सातारकर | २४ मे
मी ७८ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीने आम्हा दोघांना केनियात नेलं होतं. धागा पहिल्यापासून वाचला. सगळ्यांनी गुडघ्यांचा, लसणाचा, लघवीचा विचार केला, आभारी आहे. म्हाताऱ्यांना काय बघायचंय हे मात्र अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

आमच्या मुलीने सहा दिवसांत चार ठिकाणं ठेवली होती. रोज पहाटे साडेपाचला चहा, सहाला गाडीत. तिसऱ्या दिवशी मी संप केला. म्हटलं, तुम्ही जा, मी तंबूपुढे खुर्ची टाकून बसतो. ती घाबरली, पण कॅम्पच्या अस्करीने (रखवालदार, आपल्या लष्कराच्या गोतातला शब्द असावा) लक्ष ठेवतो म्हणून सांगितलं. त्या सकाळी जे पाहिलं ते गाडीतून दिसलं नव्हतं. शेणकिडा शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत चढावर नेत होता. गोळी तीनदा खाली आली, तीनदा तो परत गेला. माकडाने माझी साखर नसलेली बिस्किटं पळवली, एक चाखलं आणि उरलेली टाकून दिली. त्याच्याशी माझं पूर्ण एकमत आहे.

आमच्या हिला प्राण्यांपेक्षा ड्रायव्हरच्या संसारात रस. त्याला तीन मुली, थोरली नर्सिंगला, फी किती, घरी मका किती पोती होतो, सगळं हिने विचारून घेतलं. तिला स्वाहिली येत नाही, त्याला मराठी नाही. कसं ते मलाही कळलं नाही.

ठिकाण एकच घ्या. रात्री वाढवा, गाड्या फिरवणं कमी करा. आणि खुर्ची ठेवा.

चिंगी | २४ मे
आजोबा, __/\__

शंकासुर | २४ मे
यापुढे मी काही लिहीत नाही.

किटली | २५ मे
आजोबा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, 'एक ठिकाण. पण मारा.' बघते काय होतंय. आईला फोन करून विचारलं तुला काय बघायचंय. म्हणाली, 'तुझं स्वयंपाकघर.'

किटली | १४ सप्टेंबर
धागा वर काढतेय. सगळे सुखरूप पुण्या-नाशकाला पोचले. पिवळी कार्डं विमानतळावर खरंच तपासली. डॉ_शेवगा, तुम्हाला एक डबा चिवडा लागू.

शेवटी आधी आंबोसेली दोन रात्री आणि मग, मध्ये चार दिवस घरी विश्रांती घेऊन, मारा तीन रात्री. एक ठिकाण जमलं नाही, आजोबा, क्षमा करा.

आंबोसेली म्हणजे धूळ. मासाईंच्या भाषेत नावाचा अर्थच म्हणे खारट धूळ. पण त्या धुळीतून हत्तींची रांग दलदलीकडे जाते, पिल्लं पायांमध्ये, पोटापर्यंत पाण्यात शिरतात आणि बाहेर येतात ती अर्धी काळी अर्धी राखाडी, मोजे घातल्यासारखी. आईने मोजायला सुरुवात केली आणि ६३ वर सोडून दिलं. किलिमांजारो पूर्ण वेळ ढगात. शेवटच्या दिवशी पहाटे आई गुडघ्याचे व्यायाम करायला उठली तेव्हा तिला दहा मिनिटं दिसला, माथ्यावरच्या बर्फासकट. आम्हाला उठवलं नाही. 'झोपला होतात,' म्हणे. फोटो नाही. बाबा अजून मानत नाहीत.

मारा. क्रॉसिंगला थांबलो, चार तास. काठावर दाटी झाली, पुढची खाली वाकून पाणी हुंगायची आणि मागे सरकायची. सासूबाई म्हणाल्या, 'आमच्या भजनी मंडळासारखं आहे. सगळ्यांना गायचंय, पहिली ओळ कुणी उचलत नाही.' कुणीच उचलली नाही. सहाच्या आत परतायचं होतं, निघालो. नवरा रात्री जेवला नाही. सासूबाईंनी मात्र चारही तासांत कंटाळा आला असं एकदाही म्हटलं नाही, उलट एका लंगड्या झेब्र्यावर पाळत ठेवून होत्या.

पण सांगायचंय ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला उन्हात गाडी उभी होती. लांब एक चित्ता मादी बसली होती. ती उठली, सरळ आमच्याकडे चालत आली आणि गाडीच्या सावलीत, बाबांच्या खिडकीखाली, अंग टाकून दिलं. ड्रायव्हरने फक्त बोट ओठांवर ठेवलं. तिचा श्वास ऐकू येत होता, धापेसारखा, बरगड्या वर-खाली. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या त्या दोन काळ्या रेघा, कानावर गोचीड, पुढच्या पायावर जुना ओरखडा. शेपटी टायरवर हलकेच आपटायची. इंजिन चालू करायचं नाही, हलायचं नाही. आणि नेमकी बाबांची वेळ झालेली. आई मला चिमटे काढतेय, मी ड्रायव्हरकडे बघतेय, तो मान हलवतोय. पन्नास मिनिटं! मग ती उठली, मागे न बघता गेली. बाबा म्हणाले, 'पाच वर्षांत पहिल्यांदा पन्नास मिनिटं थांबलो. डॉक्टरला सांगायला पाहिजे.'

फीचा आकडा बाबांना शेवटपर्यंत सांगितला नव्हता. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच शोधून काढला. आता रोज फोनवर हिशोब चालू आहे, चित्त्याचे मिनिटाला किती पडले याचा.

मुळशीचा_वाघ | १४ सप्टेंबर
खिडकीखाली चित्ता. आणि मी शेपटीसाठी सहा सफाऱ्या. जळून खाक.

आजोबा_सातारकर | १५ सप्टेंबर
चार दिवस मध्ये विश्रांती दिलीत, ते छान केलंत. खुर्ची होती का?

किटली | १५ सप्टेंबर
होती. बाबा मारातल्या शेवटच्या सकाळी गाडीत आलेच नाहीत. नदीकाठी खुर्ची टाकून पाणघोडे ऐकत बसले. त्यांच्या मते त्यातला एक अगदी आमच्या शेजारच्या काकांसारखा घोरतो. आणि गव्हाची_खीर, तुमच्या सांगण्यावरून स्टूल घेतलं होतं. आईचा पूर्ण प्रवास त्यावर झाला. ड्रायव्हरने त्याला नाव ठेवलं, 'मामाची पायरी'. (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, तिथेही गोंधळ.) नवरा पुढच्या आठवड्यात एकटाच क्रॉसिंगला जातोय. स्टूल घरीच आहे.

वांगीभात | १६ सप्टेंबर
मी नैरोबीतच वेस्टलँड्सला राहते, इथे नवीनच आहे. ऑक्टोबरात माझे काका-काकू येताहेत, काकूंचे दोन्ही गुडघे दुखतात. ड्रायव्हरचा नंबर व्यनित (व्यक्तिगत निरोपात) द्याल का? आणि ते स्टूल आठवडाभर मिळेल का?

किटली | १६ सप्टेंबर
नंबर पाठवला. स्टूल शनिवारी येऊन घेऊन जा. एक पाय जरा हलतो, खाली पुठ्ठा लावा.